आधीं पाहावें, मग बोलावें

गतकालाविषयीं मत देण्याचा अधिकार मनुष्यास केव्हां प्राप्त होतो, हा प्रश्न वरवर पाहतां पंडितांचा वाटतो. परंतु वस्तुतः तो प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाचा आहे. न्यायाच्या आसनावर बसणाऱ्यानें दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकल्यावांचून निवाडा देऊं नये, हें लहान मुलासहि पटतें. मात्र चारशें वर्षांपूर्वीं मेलेल्या मनुष्याविषयीं निवाडा देतांना तीच सावधगिरी बाळगावी, असें मोठमोठ्यांसहि वाटत नाहीं. जिवंत मनुष्य आपली बाजू मांडूं शकतो. मृताचें तोंड कायमचें मिटलेलें असतें. तेव्हां मृताच्या बाबतींत आपली जबाबदारी कमी होते कीं वाढते? ती वाढते, असें आमचें मत आहे. आणि तें कां, हें एका लहानशा गांवाच्या नांवाचा आधार घेऊन वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यांत युसूफ वडगांव या नांवाचा गांव आहे. या नांवांत शब्द दोन. दुसऱ्याचा अर्थ सांगावयास पंडिताची गरज नाहीं; वडाच्या झाडाची खूण सांगणारीं वडगांवें महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं आढळतात. पहिला शब्द मात्र दूरच्या प्रवासाचा आहे. बायबलांतील जोसेफ तोच कुराणांतील युसूफ. कुराणाच्या बाराव्या अध्यायास त्याचेंच नांव आहे. पश्चिम आशियाच्या वाळवंटांतील हें नांव मराठवाड्याच्या काळ्या मातींतील वडाला येऊन चिकटलें कसें, आणि तो युसूफ कोण, असें गांवांतील एखाद्या चौकस विद्यार्थ्यानें विचारलें, तर त्यांत नवल कांहींच नाहीं. प्रश्न चांगला आहे. अडचण आहे ती उत्तरांची. कारण तीं विचारण्यापूर्वींच तयार असतात.

एक म्हणेल, विजापूरच्या गादीचा संस्थापक यूसुफ आदिलशहा तोच हा; आमचा गांव सामान्य नव्हे. दुसरा म्हणेल, कोणा परक्या सरदारानें आमच्या वडगांवावर आपल्या नांवाचा शिक्का मारला. हा आमचा अपमान. तिसरा हात जोडून म्हणेल, युसूफ हा कोणी अवलिया असावा. पहिलें उत्तर अभिमानाचें, दुसरें रागाचें, तिसरें भक्तीचें. तिघांच्याहि मुद्रेवर निश्चयाचें तेज सारखेंच असतें, आणि तिघांनींहि एकहि कागद उघडलेला नसतो.

हा केवळ फावल्या वेळचा वाद असता, तर त्याकडे हंसून पाहतां आलें असतें. पण आमच्या प्रांतांत नांवांचे वाद हंसण्यावारीं नेण्यासारखे राहिलेले नाहींत. इ. स. २०२३ मध्यें औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें आणि उस्मानाबादचें धाराशिव. केजच्या शेजारचें अंबेजोगाई निजामी अमलांत मोमिनाबाद म्हणून ओळखलें जाई. कोणत्या गांवास काय म्हणावें, हा नागरिकांच्या इच्छेचा व सरकारच्या निर्णयाचा प्रश्न आहे. त्यांत शिरण्याचा येथें हेतु नाहीं. परंतु अमुक नांव कोठून आलें, हा प्रश्न निराळा. तो बहुमतानें सुटत नाहीं, पुराव्यानें सुटतो. आणि त्याचें उत्तर चुकलें, तर त्याची झळ मेलेल्यास लागत नाहीं, ती शेजाऱ्यास लागते. गावकीच्या बैठकींत कोणी एकानें 'युसूफानें हें केलें, युसूफानें तें केलें' असें ठोकून दिलें म्हणजे त्याच आळींत त्याच नांवाचा जो निरुपद्रवी गृहस्थ राहत असतो, त्याच्याकडे चार लोक निराळ्या नजरेनें पाहूं लागतात. इतिहासांतील बेजबाबदार वाक्याचें मोल वर्तमानांतल्या माणसास द्यावें लागतें. म्हणून हा प्रश्न विद्वत्तेचा जितका, तितकाच नीतीचा आहे.

मग त्या विद्यार्थ्यानें करावें काय? उत्साही सल्लागार सांगेल, 'थेट मूळ कागदांकडे जा.' या सल्ल्यामागें मोठी परंपरा आहे. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्यें काढला, आणि पुढें तिचे बावीस खंड झाले. १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीहि त्यांच्याच पुढाकारानें. अस्सल कागदावांचून इतिहास नाहीं, हा धडा महाराष्ट्रानें त्यांच्यापासून घेतला, आणि तो योग्यच आहे. पण मूळ कागदापर्यंत पोंचणें निराळें व तो वाचतां येणें निराळें. तयारी न करतां दप्तरांत शिरणारा मनुष्य दिवा न घेतां तळघरांत उतरणाऱ्यासारखा आहे. हाताला पुष्कळ कांहीं लागतें, पण काय लागलें तें कळत नाहीं.

एक साधें उदाहरण घ्या. समजा, एका जुन्या कागदावर नुसतें 'सन १०४८' एवढेंच आहे. हा शालिवाहन शक मानला, तर अठ्ठ्याहत्तर मिळवून इ. स. ११२६ येतें, म्हणजे देवगिरीचे यादव अद्याप स्वतंत्रहि झालेले नाहींत. तोच आंकडा शुहूर सनाचा मानला, तर पांचशें नव्याण्णव किंवा सहाशें मिळवावे लागतात, आणि इ. स. १६४७-४८ येतें, म्हणजे शिवाजी महाराजांचें तारुण्य. हिजरी मानला, तर १६३८-३९. फसली मानला, तर पांचशें नव्वद मिळवून पुन्हां १६३८ च्याच आसपास. कारण दक्षिणेंतील फसली सन शहाजहानाच्या अमदानींत, १६३६ च्या सुमारास, हिजरीच्या आंकड्यावरूनच सुरू झाला. परंतु हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळें तें सुमारें अकरा दिवसांनीं लहान, आणि फसली वर्ष सौर. तेव्हां आरंभीं जोडीनें चाललेले हे दोन सन पुढें फांकत गेले. हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें तें इ. स. १९४८ च्या सप्टेंबरांत, फसली १३५७ च्या अखेरीस. हिजरी १३५७ मात्र दहा वर्षें आधींच, १९३८ मध्यें लागलें होतें. एका आंकड्याच्या वाचनांत पांचशें वर्षांचें अंतर पडूं शकतें. या अंतरांत राजे बदलतात, भाषा बदलते, धर्म बदलतो; आणि ज्यानें पाप केलें नाहीं, त्याच्या माथीं तें मारलें जातें. हें टाळण्यासाठीं जंत्री पाहावी लागते, किंवा ग. ह. खरे यांचें 'संशोधकाचा मित्र' यासारखें पुस्तक जवळ ठेवावें लागतें. जंत्री उघडणें हें रूक्ष काम आहे. पण न उघडणें हा अन्याय होऊं शकतो.

जें कालाचें, तेंच शब्दांचें. बीडच्या मुलखावर यादवांनंतर बहामनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही असे अंमल एकामागून एक होऊन गेले. त्यामुळें तेथील जुने कागद कांहीं मोडींत, कांहीं फार्शींत, तर १८८४ मध्यें हैदराबादच्या दरबारानें फार्शी सोडून उर्दू स्वीकारल्यानंतरचे पुष्कळसे उर्दूंत. त्यांत कसबा, मौजे, मजरा, मोकासा, इनाम, जहागीर असे शब्द पावलोपावलीं येणार. प्रत्येक शब्दास आपला हक्क, आपलें ओझें व आपला काळ आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची सुधारलेली आवृत्ति १८५७ ची, माधव त्रिंबक पटवर्धनांचा, म्हणजे कवि माधव जूलियन यांचा, फार्शी-मराठी कोश १९२५ चा, दाते व कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळांतले, कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा. हीं पुस्तकें जवळ घेऊन बसल्यावर काय होतें, तें पाहा. वडगांव बुद्रुक, वडगांव खुर्द हीं नांवें आपण रोज ऐकतों. कोश सांगतो कीं, 'बुद्रुक' हें फार्शी 'बुजुर्ग' म्हणजे मोठा याचें मराठी रूप, आणि 'खुर्द' म्हणजे लहान. म्हणजे एकाच नांवाचे दोन गांव झाले, कीं महसुलाच्या वहींत घोटाळा होऊं नये म्हणून त्यांस खुणेचा शब्द जोडीत. मग एका वडगांवास मनुष्याचें नांव जोडलें गेलें, तें विजेत्याच्या गर्वानें जोडलें, कीं वहींतील घोटाळा टाळूं पाहणाऱ्या कारकुनाच्या लेखणीनें जोडलें? हें अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण अभिमान, राग आणि भक्ति यांनीं दिलेल्या तीन उत्तरांपलीकडे एक चौथें उत्तर संभवतें, एवढें तरी कोशानें दाखवून दिलें. कोशाची पहिली देणगी ही कीं, तो उत्तर देण्यापूर्वीं उत्तरांची संख्या वाढवितो. अविचारी मनुष्यास एकच उत्तर सुचतें. विचारी मनुष्यास पुष्कळ सुचतात, आणि म्हणून तो थांबतो.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही लक्ष देण्याजोगे आहेत. पहिला स्वाभिमान्याचा: कोशांतून घेतलेलें ज्ञान उसनें; उसन्या ज्ञानावर उभें राहणें पुरुषार्थाचें नव्हे. आम्ही विचारतों, उसनें नसलेलें ज्ञान कोणतें? ज्या भाषेंत हा आक्षेप घेतला जातो, ती भाषाहि आजीपणजीकडून उसनी घेतलेली आहे. ऋण काढण्यांत लाज नाहीं. ऋण नाकारण्यांत आहे. कोशांतून माहिती उचलून ती स्वतःच्या शोधाची म्हणून मिरविणें ही चोरी. कोशाचें नांव सांगून तेथून पुढें जाणें हा व्यवहार. आणि एक गोष्ट अशी कीं, जो कोश पाहत नाहीं, तोहि उसनेंच घेत असतो. फक्त तो तें कट्ट्यावरच्या गप्पांतून घेतो, आणि धनको कोण हें त्यास ठाऊक नसतें.

युरोपांतील विद्येचा इतिहास याच गोष्टीची साक्ष देतो. रोमच्या पोपास सम्राट कॉन्स्टंटाइन यानें चौथ्या शतकांत पश्चिमेचें राज्य दान दिलें, असें सांगणारा एक लेख कित्येक शतकें खरा मानला जात होता. इ. स. १४४० मध्यें लोरेंझो वाला या इटालियन पंडितानें तो बनावट असल्याचें दाखविलें. आणि त्याचें एक मोठें हत्यार होतें शब्दज्ञान. त्या लेखांतले कांहीं शब्द कॉन्स्टंटाइनच्या काळच्या रोमन लेखणींतून येणेंच शक्य नव्हतें. पुढें १६७८ मध्यें द्यु कांज या फ्रेंच विद्वानानें मध्ययुगीन लॅटिनचा जो मोठा कोश रचला, त्यामुळें अशी परीक्षा करण्याचें साधन सामान्य अभ्यासकाच्याहि हातीं आलें. एका प्रतिभावंताचें कसब कोशामुळें सर्वांच्या मालकीचें झालें. आमच्याकडेहि यादवकालीन म्हणून पुढें केलेल्या एखाद्या लेखांत 'मोकासा' किंवा 'जहागीर' हा शब्द दिसला, तर फार्शी-मराठी कोश हातीं असलेल्या शाळकरी मुलासहि शंका घेतां येईल. सत्याचें रक्षण करण्याची शक्ति अशी चार माणसांत वांटली जाणें, हाच कोशाचा खरा लोकोपयोग होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तो असा कीं, कोशहि चुकतात. मग त्यांवर विसंबावें कां? चुकतात, हें खरेंच. मोरेरी यानें १६७४ मध्यें फ्रेंच भाषेंत एक ऐतिहासिक कोश प्रसिद्ध केला. त्यांतील व इतर ग्रंथांतील चुका दाखविण्याच्या उद्देशानें पिएर बेल यानें दुसरा कोश रचला, तो १६९७ मध्यें बाहेर पडला, आणि विवेकी टीकेचा आदर्श म्हणून युरोपांत गाजला. एका कोशाच्या चुकींतून दुसरा थोर कोश जन्मास आला. यावरून आमच्या मतें बोध असा घ्यावा कीं, कोश हा देव्हाऱ्यांत ठेवावयाचा देव नव्हे, तो नावाडी आहे. त्याच्या नावेंत बसून पैलतीरास जावें, पण पैलतीर लागल्यावर नाव डोक्यावर घेऊन चालूं नये.

याला उदाहरण शोधण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. अंबेजोगाईस मुकुंदराजाची समाधि दाखवितात. त्याच्या 'विवेकसिंधु' या ग्रंथाचा काल परंपरेनें शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा सांगण्यांत येतो, आणि त्यावरून त्यास मराठीचा आद्य कवि म्हणतात. पण वैनगंगेच्या कांठचें आंभोरें हेंहि मुकुंदराजावर हक्क सांगतें. आणि ग्रंथाच्या भाषेवरून त्याच्या कालाविषयींहि विद्वानांत वाद आहे. आतां एकच कोश पाहणारा विद्यार्थी एक स्थळ व एक साल पाठ करून मोकळा होईल. दोन कोश पाहणाऱ्यास त्यांत मतभेद दिसेल, आणि तो अस्वस्थ होईल. ही अस्वस्थता मोलाची आहे. जेथें दोन प्रमाणग्रंथ एकमेकांशीं भांडतात, तेथेंच नव्या शोधाचें दार असतें. बीडच्या मनुष्यानें आंभोऱ्याच्या पक्षाचा पुरावा मनापासून वाचावा आणि विदर्भांतल्या मनुष्यानें अंबेजोगाईचा. कारण आपल्या गांवास प्रतिकूल असणारा पुरावा शांतपणें वाचतां येणें, हीच विद्येनें लावलेल्या वळणाची कसोटी आहे.

कोश वाचतांना आणखी एक पथ्य पाळावें लागतें. त्याची प्रस्तावना आधीं वाचावी. कारण प्रत्येक कोशास आपली कुंपणें असतात, आणि तीं प्रस्तावनेंतच कळतात. 'मध्ययुग' हाच शब्द घ्या. युरोपीय पंडित तो साधारणपणें इ. स. ५०० ते १५०० या काळास लावतात; त्यानंतरच्या पुनरुज्जीवनाच्या कालखंडाचें जें चित्र याकोब बुर्कहार्ट यानें १८६० मध्यें रंगविलें, त्याच्या तेजामुळें आधींचा काळ अधिकच अंधारा दिसूं लागला. मधलें युग हें नांव त्या युगांतल्या माणसांनीं स्वतःस घेतलेलें नव्हे. मागून आलेल्यांनीं तें त्यांस लावलें, आणि त्यांत थोडा तुच्छतेचा वास आहे. आमच्या सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनीं आपल्या तीन चरित्रकोशांपैकीं मध्ययुगीन चरित्रकोश १९३७ मध्यें प्रसिद्ध केला, त्याची मर्यादा चंद्रगुप्त मौर्यापासून पेशवाईच्या अखेरीपर्यंत. एकच शब्द, पण दोन कुंपणें. जोसेफ स्ट्रेयर यांच्या संपादकत्वाखालीं १९८२ ते १९८९ या काळांत अमेरिकेंत निघालेला मध्ययुगाचा तेरा खंडांचा कोश आणि चित्रावशास्त्र्यांचा कोश हे दोन्ही 'मध्ययुगा'चेच. पण एकाचें उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नास लावूं गेल्यास फसगत व्हावयाचीच.

आतां आपण मूळ प्रश्नाकडे वळूं. समजा, आमच्या विद्यार्थ्यानें चरित्रकोश उघडला व 'यूसुफ' हें नांव काढलें. त्यास यूसुफ आदिलशहा सांपडेल. बहामनी सत्ता खिळखिळी झाल्यावर १४९० च्या सुमारास विजापुरास स्वतंत्र झालेला आणि १५१० मध्यें वारलेला हा पुरुष थोर खराच. विद्यार्थ्याचे डोळे चमकतील. येथेंच त्यानें सांवरावें. त्यास हा यूसुफ सांपडला, तो वडगांवाशीं त्याचा संबंध होता म्हणून नव्हे. कोशांत जागा मिळण्याइतका तो मोठा होता म्हणून. ज्या पाटलानें, जमादारानें, गवंड्यानें किंवा फकिरानें आपलें सारें आयुष्य मांजरेच्या खोऱ्यांत काढलें, त्याचें नांव यूसुफ असलें, तरी कोशांत तो असणार नाहीं. कोश राजांची व कवींची नोंद ठेवतो. सामान्य मनुष्य त्याच्या जाळ्यांतून निसटतो. तेव्हां कोशाचें मौन म्हणजे अभावाचा पुरावा नव्हे. आणि कोशांत एक नांव सांपडणें म्हणजे ओळख पटणें नव्हे.

कोशाच्या मौनाविषयीं मराठी वाङ्मयानें आपणांस एक मोठा धडा दिलेला आहे. महानुभाव पंथाचें विपुल गद्य सांकेतिक लिपींत कित्येक शतकें बंद होतें. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत त्या लिपीची किल्ली सांपडली, 'लीळाचरित्रा'सारखे ग्रंथ हळूहळू छापून आले, आणि तेराव्या शतकांत मराठी गद्य केवढें समर्थ होतें, हें लोकांस कळलें. त्यापूर्वींच्या वाङ्मयेतिहासांत या गद्यास त्याची योग्य जागा नव्हती. म्हणून तें नव्हतेंच, असें कोणी म्हटलें असतें, तर तें केवढें असत्य ठरलें असतें!

आणि मोठ्या नांवाच्या मोहाविषयीं तर खुद्द यूसुफ आदिलशहाचीच कथा बोधप्रद आहे. फिरिश्ता या इतिहासकारानें विजापूरच्या दरबारीं, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयानें, सतराव्या शतकाच्या आरंभीं आपला फार्शी इतिहास लिहिला. त्यांत त्यानें आपल्या आश्रयदात्याच्या मूळ पुरुषास तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाचा पुत्र ठरविलें. अर्वाचीन इतिहासकारांस ही कथा विश्वसनीय वाटत नाहीं. म्हणजे पाहा, सुलतानांनाहि आपलें मूळ पुरेसें थोर वाटत नव्हतें. त्यांनाहि आणखी थोर बाप हवा होता. मग वडगांवच्या माणसास आपल्या गांवासाठीं सुलतान हवासा वाटला, तर त्यांत मनुष्यस्वभावास सोडून काय आहे? पण स्वभावास धरून असलेली प्रत्येक गोष्ट धर्मास धरून असतेच, असें नाहीं.

म्हणून अशा विद्यार्थ्यास आम्ही एक क्रम सुचवितों. प्रथम प्रश्न एका ओळींत लिहून काढावा, आणि त्याखालीं आपणांस कोणतें उत्तर आवडेल, तेंहि प्रामाणिकपणें लिहावें; कारण आपला कल कागदावर उतरला म्हणजे त्यावर नजर ठेवणें सोपें जातें. मग मराठी विश्वकोश, महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश यांसारख्या सर्वसंग्राहक ग्रंथांत त्या प्रांताची, त्या कालाची स्थूल रूपरेषा पाहावी. नंतर विशेष ग्रंथांकडे वळावें: व्यक्तीसाठीं चरित्रकोश, शब्दांसाठीं शब्दकोश, सनासाठीं जंत्री, शिलालेखांसाठीं शं. गो. तुळपुळे यांचें १९६३ मधील 'प्राचीन मराठी कोरीव लेख', आणि दक्षिणेच्या मध्ययुगासाठीं शेरवानी व जोशी यांनीं संपादिलेले हैदराबादचे दोन इंग्रजी खंड. प्रत्येक नोंदीखालीं आधारग्रंथ दिलेले असतात. तीं दोन ओळींची यादी पुष्कळ वेळां नोंदीहूनहि मोलाची असते, कारण कोशकारानें आपण कोठून आलों हें तींत सांगितलेलें असतें. ती उतरून घ्यावी. टिपण करतांना ग्रंथ, आवृत्ति व पृष्ठ लिहिल्याशिवाय एकहि वाक्य वहींत घेऊं नये. एवढें झाल्यावर मूळ कागद, सनदा, कबरींवरचे व देवळांवरचे लेख आणि म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी यांकडे जावें. आणि सर्वांत शेवटीं, हवें तर, मत द्यावें.

हा क्रम लांबलचक वाटेल. आज खिशांतील यंत्रास विचारतांच क्षणांत उत्तर मिळतें. मग एवढा खटाटोप कां, असें तरुण म्हणतील. उत्तर लवकर मिळण्यास आमचा विरोध नाहीं. विश्वकोशासारखा ग्रंथ खेड्यांतल्या मुलाच्या तळहातावर आला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. आमचा प्रश्न एवढाच कीं, त्या उत्तराखालीं कोणाची सही आहे? कोशांत लिहिणारा आपल्या नांवानें लिहितो, आधार देतो, आणि चुकला तर टीकेस सामोरा जातो. निनांवी संदेश यांपैकीं कांहींच करीत नाहीं. ज्या साक्षीदारास नांव नाहीं, ज्याची उलटतपासणी होऊं शकत नाहीं, त्याच्या शब्दावर आपण शेजाऱ्यास दोषी धरणार नाहीं. मग पूर्वजास कां धरावें?

आणि या ग्रंथांमागें माणसांचीं आयुष्यें आहेत, हें विसरूं नये. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं भागभांडवल जमवून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचें प्रचंड काम अंगावर घेतलें, आणि १९२० नंतरच्या दशकांत त्याचे तेवीस विभाग पुरे केले. १९३७ मध्यें, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, ते वारले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं वाईस सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्यें निघाला, आणि पुढें अनेक दशकें तें काम चाललें. मध्यमवर्गीय कुटुंबांनीं असे ग्रंथ घेऊन घरांत मांडले. पुष्कळ घरांत ते कांचेच्या कपाटांत शोभेस राहिले, हेंहि तितकेंच खरें. या कोशकारांच्या श्रमांची परतफेड पुतळ्यांनीं होत नाहीं. कोणी एकानें एका संध्याकाळीं, बोलण्यापूर्वीं, त्यांतला एक खंड उघडला, म्हणजे त्या ऋणाचा एक हप्ता फिटतो.

सारांश, प्रमाणग्रंथ उघडणें ही केवळ सोयीची गोष्ट नसून ती न्यायबुद्धीची पहिली पायरी आहे. ती पहिलीच, शेवटची नव्हे. जो तिच्यावरच बसून राहतो, तो आळशी, आणि जो तिला ओलांडून उडी मारतो, तो उतावळा. दोघेहि माडीवर पोंचत नाहींत. युसूफ वडगांवाच्या नांवांतला युसूफ सुलतान असो, शिपाई असो, फकीर असो कीं वहींत खूण करणारा कारकून असो. आपल्याविषयीं खोटी साक्ष दिली जाऊं नये, एवढा त्याचा आपल्यावर हक्क आहे. त्या वडाच्या गांवांत आज जे निरनिराळ्या नांवांचे शेजारी एका पारावर बसतात, त्यांचाहि तोच हक्क आहे. 'पाहून सांगतों' हे दोन शब्द जो मनुष्य अशा वेळीं उच्चारूं शकतो, आणि खरोखर पाहावयास उठतो, त्यास आम्ही सुशिक्षित म्हणूं. मग त्याच्यापाशीं पदवी असो वा नसो.